पायडलांवांचून सायकल

नवी सायकल घेण्यासाठीं दुकानांत गेलेला गृहस्थ अलीकडे एका गोष्टीनें हटकून बुचकळ्यांत पडतो. रंग पसंत पडलेला असतो, उंची जुळलेली असते, पुढच्या-मागच्या दांतेरी चक्रांचा हिशेब दुकानदारानें समजावून दिलेला असतो, लाखाच्या घरांतली किंमत ऐकून गृहस्थानें मनाची तयारीहि केलेली असते. आणि मग त्याची नजर सहज खालीं जाते. क्रँकच्या टोंकांना पायडलेंच नाहींत! जेथें पायडल असावयाचें तेथें नुसतें एकेक भोंक. चौकशी करावी तर दुकानदार शांतपणें सांगतो, "तीं वेगळीं घ्यावीं लागतात, साहेब." घोडा विकला आणि रिकिबी ठेवून घेतल्या, असा हा व्यवहार प्रथमदर्शनीं वाटतो. साध्या, स्वस्त सायकलीला पायडलें असावींत आणि लाखाच्या सायकलीला नसावींत, हें कोणाहि हिशेबी माणसाला सहजासहजीं पटण्यासारखें नाहीं.

श्रोतेहो, हा प्रकार लबाडीचा आहे कीं त्याला कांहीं सयुक्तिक कारण आहे, याचा आज आपण विचार करूं. मी शाळामास्तर; सायकलींचा व्यापार माझा नव्हे. परंतु शाळेचें जाणें-येणें सारी नोकरीभर सायकलीवरून झालें, आणि प्रश्न विचारणारीं मुलें भोंवतीं असलीं म्हणजे साध्या यंत्राचीहि चौकशी करावी लागते. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. पायडलें न देण्याला कारण आहे, व तें चांगलें आहे. मात्र तें कारण गिऱ्हाइकाला न सांगणें चांगलें नाहीं.

जातां जातां शब्दाविषयीं एक सांगतों. इंग्रजी ‘पेडल’ हा शब्द लॅटिन भाषेंतील पायवाचक शब्दावरून आलेला आहे. आणि तो लॅटिन शब्द व आपला संस्कृत ‘पद’ हे एकाच कुळांतले. मराठी माणसानें ‘पेडल’चें ‘पायडल’ केलें, तेव्हां व्युत्पत्तिशास्त्राचें पुस्तक न उघडतां त्यानें शब्दाला त्याच्या मूळ घरीं पोंचविलें.

आतां प्रथम एक सोपें कारण बाजूला काढूं. सायकल कारखान्यांतून दुकानांत, किंवा हल्लीं थेट घरीं, येते ती पुठ्ठ्याच्या लांबट व अरुंद खोक्यांत बंद होऊन येते. पुढचें चाक काढून सांगाड्याला टेकवून बांधतात, हँडल वळवून समांतर करतात, बैठक खालीं उतरवितात. क्रँक सांगाड्याच्या अंगालगत राहतात; पायडलें मात्र दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर बाहेर डोकावतात. तीं तशींच ठेवलीं तर खोकें तितकें रुंद करावें लागेल, आणि असल्या हलक्या पण अवजड मालाला भाडें पडतें तें वजनापेक्षां जागेचें. शिवाय पायडलाचें टोंक पुठ्ठा फाडून बाहेर येणार किंवा आंतल्याच चाकाच्या तारा वांकविणार. म्हणून बहुतेक सगळ्याच सायकलींचीं पायडलें प्रवासापुरतीं काढलेलीं असतात. साध्या सायकलीचीं पायडलें एका छोट्या पुडक्यांत त्याच खोक्याच्या कोपऱ्यांत असतात. दुकानदार तीं बसवितो आणि आपल्याला कांहीं कळतहि नाहीं. ज्यांनीं सायकल घरपोंच मागविली असेल त्यांनीं खोकें रद्दीवाल्याला देण्यापूर्वीं त्याचे कोपरे नीट चाचपावे. पायडलें आलीं नाहींत म्हणून तक्रार धाडायची आणि मग तीं पुठ्ठ्याच्या घडींत सांपडायचीं, असे प्रकार घडतात.

परंतु शर्यतीच्या धर्तीच्या रस्त्यावरील सायकली आणि डोंगरवाटांवरच्या उंची सायकली यांच्या खोक्यांत कितीहि शोधलें तरी पायडलें सांपडावयाचीं नाहींत, कारण तीं बहुधा घातलेलींच नसतात. खरा प्रश्न हा आहे.

त्याचें उत्तर मिळण्यासाठीं पायडल म्हणजे काय तें जरा नीट पाहिलें पाहिजे. पायडलाला दोन सांधे असतात. एक सांधा यंत्राकडचा: पायडलाच्या आंसाला आटे असतात व तो आंस क्रँकच्या भोंकांत पिळून बसतो. दुसरा सांधा माणसाकडचा: पायडलाच्या पाठीवर आपलें पाऊल टेकतें. आतां मौज अशी कीं, यंत्राकडचा सांधा साऱ्या जगांत जवळजवळ एकच झाला आहे. आंसाची जाडी एका इंचाचे नऊ षोडशांश आणि दर इंचाला वीस आटे, हें माप जपानांत, इटलींत, तैवानांत आणि आपल्या लुधियान्यांत सारखेंच. फ्रान्समध्यें पूर्वीं चौदा मिलिमीटरचें निराळें माप चाले, तें मागें पडलें. कांहीं अमेरिकन धर्तीच्या व मुलांच्या सायकलींत दोन्ही बाजूंचा क्रँक एकाच अखंड गजाचा असतो, त्यांना अर्ध्या इंचाचें पायडल लागतें. एवढे अपवाद सोडले तर कोणत्याहि कंपनीचें पायडल कोणत्याहि कंपनीच्या क्रँकमध्यें बसतें.

माणसाकडचा सांधा मात्र एक राहिलेला नाहीं. गवयांचीं असावींत तशीं त्याचीं घराणीं झालीं, आणि एका घराण्याचा बूट दुसऱ्या घराण्याच्या पायडलांत बसेनासा झाला. यंत्राकडे सर्वत्र एक माप आणि पायाकडे अनेक मापें, या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या म्हणजे पायडल सायकलीपासून सुटें कां झालें तें ध्यानांत येतें. तें आतां सायकलीपेक्षां बुटाचें सोबती झालें आहे. चष्म्याच्या दुकानांत आपण चौकट विकत घेतों तेव्हां तींतील कांचा आपल्या नंबराच्या नसतात, आणि त्याबद्दल कोणी भांडत नाहीं. कांच चौकटीची नसून डोळ्याची आहे हें आपल्याला ठाऊक असतें. महाग सायकलीच्या पायडलाची गोष्ट तशीच.

हीं घराणीं निर्माण कशीं झालीं? पहिल्या दुचाकीला तर पायडलें नव्हतींच. जर्मनींतील कार्ल द्राईस यानें १८१७ सालीं मानहाइम येथें जें लांकडी वाहन चालवून दाखविलें, त्यावर बसून दोन्ही पायांनीं जमीन रेटीत पुढें जावें लागे. पायडल आलें तें १८६० नंतरच्या दशकांत, आणि तेंहि थेट पुढच्या चाकाच्या आंसावर. पुढें मागच्या चाकाशीं साखळीचा संबंध जुळला, आणि १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं जॉन केंप स्टार्ली यानें ‘रोव्हर’ नांवाची सायकल काढली. आजच्या सायकलीची ठेवण तिच्यापासून ठरली.

आपल्याकडे घरोघरीं जी काळी, उंच, भक्कम सायकल असे तिचीं रबरी ठोकळ्यांचीं पायडलें सपाट असत. पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई, तें या असल्या सायकलींच्या बळावर. तासाच्या भाड्यानें सायकल आणली तरी तिच्यावर वहाण चाले, बूट चाले, पावसाळ्यांत अनवाणी पाऊलहि चाले. सपाट पायडल येणाऱ्या पावलाला ‘तूं कोणत्या घराण्याचें?’ असें विचारीत नाहीं. म्हणूनच तें सायकलीबरोबर विकतां येई.

पण शर्यतींत भाग घेणाऱ्यांना सपाट पायडलांत एक उणीव भासे. मिनिटाला शंभर फेरे चालूं असतां, विशेषतः पावसांत, पाऊल घसरे. म्हणून ते पायडलावर पोलादी पट्टीचा पिंजरा बसवून त्यांत बुटाचें टोंक खुपसूं लागले व वरून कातडी पट्टा आवळूं लागले. पाऊल पक्कें बसलें खरें, पण निघेनासें झालें. थांबण्यापूर्वीं वांकून हातानें पट्टा सैल करावा लागे. बुटाच्या तळव्यालाच कांहीं अडकण लावावी ही कल्पना बरीच जुनी आहे. अमेरिकेंतील चार्ल्स हॅन्सन यानें १८९५ मध्यें तशी युक्ति शोधली होती. इटलीच्या सिनेली कंपनीनें १९७१ च्या सुमारास अडकणीचें एक पायडल काढलें. त्यांतून पाय सोडविण्यासाठीं खालीं हात घालून खटका सरकवावा लागे. सायकलस्वारांनीं त्याचें जें टोपणनांव ठेवलें त्यांत मृत्यूचा उल्लेख आहे, यावरून तें किती लोकप्रिय झालें असेल याची कल्पना यावी.

कोडें सुटलें तें बर्फावर. फ्रान्समधील नेव्हेर येथील ‘लुक’ ही कंपनी बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांना बूट जखडण्याचीं साधनें बनवीत असे. घसरणारा पडला आणि पाय पिळला गेला, तर हाड मोडण्याआधीं बूट आपोआप सुटावा अशी त्या साधनांची रचना असते. तीच युक्ति कंपनीनें १९८४ सालीं पायडलाला लावली. बुटाच्या तळव्याला तीन स्क्रूंनीं एक तुकडा बसवावयाचा, त्याला क्लीट म्हणतात. पाय दाबला कीं क्लीट पायडलाच्या स्प्रिंगमध्यें खट्कन बसते, आणि टांच बाहेरच्या अंगाला वळविली कीं सुटते. हात लावण्याचें कारण नाहीं. १९८५ सालीं बर्नार्ड इनो यानें हीं पायडलें वापरून ‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत जिंकली, आणि थोड्याच वर्षांत शर्यतींतून पिंजरे व पट्टे नाहींसे झाले. १९९० मध्यें जपानच्या शिमानो कंपनीनें दोन स्क्रूंच्या लहान क्लीटचें दुसरें घराणें काढलें; ही क्लीट तळव्याच्या खळग्यांत लपते, त्यामुळें बूट घालून चालतां येतें, आणि ज्यांना वाटेंत उतरून सायकल ढकलावी लागते त्या डोंगरवाल्यांना ती सोयीची पडली. मग आणखी कंपन्या आल्या व आपापलीं घराणीं घेऊन आल्या. या सर्व पायडलांना ‘क्लिपलेस’, म्हणजे क्लिप नसलेलीं, असें म्हणतात. ज्यांत पाय अडकतो त्यांनाच अडकणरहित म्हणणें हा विनोद वाटेल. पण जुन्या पिंजऱ्याला ‘टो-क्लिप’ म्हणत, आणि तो गेला म्हणून हें नांव पडलें.

बरें, येथें केवळ आवडीचा प्रश्न नाहीं, गुढघ्याचा आहे. मिनिटाला नव्वद फेरे धरले तर तासाला पांच हजार चारशें होतात. तितक्या वेळां गुढघा वांकतो आणि सरळ होतो, व पाऊल जखडलेलें असल्यामुळें दर वेळीं जवळजवळ त्याच रेषेंत वांकतो. ती रेषा त्या माणसाच्या हाडांना मानवणारी नसेल तर दुखणें ठेवलेलेंच. म्हणून क्लीट पुढें बसवावी कीं मागें, आंत कीं बाहेर, कितपत तिरकी, हें मिलिमीटरांत पाहतात. टांचेला दोहीं बाजूंना हलण्याची किती मोकळीक ठेवावी हेंहि ठरवावें लागतें. शिमानोच्या रस्त्यावरील सायकलींच्या क्लीटमध्यें तांबडी म्हणजे मोकळीक मुळींच नाहीं, निळी म्हणजे दोन अंश, पिंवळी म्हणजे सहा अंश. लुकच्या केओ जातीच्या काळ्या, करड्या व तांबड्या क्लीट अनुक्रमें शून्य, साडेचार आणि नऊ अंशांच्या. एका घरीं तांबडा रंग सर्वांत कडक आणि दुसऱ्या घरीं तोच सर्वांत सैल, हें पाहून माझ्यांतला मास्तर अस्वस्थ होतो; पण तें असो. अशा रीतीनें महिनोगणती घालवून जमविलेला बूट-पायडलांचा जोड घेऊन हा स्वार नव्या सायकलीकडे येतो. त्याला कंपनीनें स्वतःच्या पसंतीचीं पायडलें दिलीं, तर तीं तो पहिल्याच दिवशीं काढून ठेवणार. जुनीं पायडलें नव्या सायकलीला चढवावयाचीं आणि नवीं कोरीं पायडलें दुकानदाराच्या खणांत पडून राहावयाचीं, यांत कोणाचेंच हित नव्हतें.

कंपन्यांचा यांत कांहींच स्वार्थ नाहीं, असें मात्र मी म्हणणार नाहीं. पायडलांचा जोड साधारणपणें अडीचशें ते चारशें ग्रॅम भरतो. शर्यतीच्या सायकलीची जाहिरात वजनावर चालते. सात किलो, साडेसात किलो असे आंकडे ठळक छापतात, आणि ‘पायडलें वगळून’ हे शब्द, छापलेच तर, बारीक अक्षरांत. किंमतीचेंहि तसेंच. एका कंपनीनें पायडलें वगळलीं म्हणजे दुसरीला तीं देणें परवडत नाहीं, कारण मग कागदावर तिचीच सायकल जड व महाग दिसते. सायकल दारांत उभी करून पाहणाऱ्याला तीन-चारशें ग्रॅमांचें कांहीं वाटावयाचें नाहीं. परंतु लाख रुपये मोजल्यावर आणखी दोन-चार हजार काढावे लागणें त्याला लागतेंच. हें त्याला किंमत ठरण्यापूर्वीं कळलें पाहिजे. जो दुकानदार पहिल्याच भेटींत ‘आपण कोणते बूट वापरतां?’ असें विचारतो, तो धंदा जाणतो असें समजावें.

ज्याला असले बूट माहीतच नाहींत, ज्याला सकाळीं टेकडीपर्यंत जाऊन यावयाचें आहे किंवा कचेरीची वाट धरावयाची आहे, त्यानें काय करावें? त्यानें निःसंकोचपणें चांगलीं सपाट पायडलें मागावीं. अडकणाऱ्या पायडलांनीं पाय वर खेंचूनहि जोर लावतां येतो आणि म्हणून श्रम वांचतात, असें सांगतात. समगतीनें सायकल चालविणाऱ्यांचा श्वासोच्छ्वास मोजून प्रयोग झाले आहेत. त्यांत म्हणण्यासारखी बचत आढळलेली नाहीं. कसलेले स्वारहि मुख्यतः खालींच दाबतात. पाऊल न घसरणें आणि शेवटच्या जोराच्या धांवेंत तें जागेवर राहणें, हा खरा लाभ. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल तर डोंगरउताराच्या शर्यतींत सपाट पायडलांवरच एकाहून अधिक वेळां जगज्जेता झाला. शहरांतल्या रहदारींत नवशिक्याला अडकणीचा धोकाच अधिक. सिग्नल लागतो, सायकल थांबते, टांच वळवावयाची आठवण राहत नाहीं, आणि गृहस्थ उभ्या सायकलीसह सावकाश आडवा होतो. इजा बहुधा अभिमानालाच होते. पण बाजूनें बस येत असेल तर ती तेवढ्यावर थांबत नाहीं. ज्यांना अडकणारींच घ्यावयाचीं आहेत त्यांनीं निदान पहिले आठ दिवस मैदानांत सराव करावा.

पायडलें सुटीं आलीं म्हणजे तीं बसविण्याचें काम पुष्कळदां घरावर येतें, आणि येथें फार सावधगिरी हवी. उजव्या पायडलाचे आटे नेहमींच्या स्क्रूसारखे सरळ असतात, डाव्याचे उलटे. आमच्या इमारतींतील एका तरुणानें घरपोंच आलेल्या सायकलीला डावें पायडल उजवीकडे आणि उजवें डावीकडे लावण्याचा घाट घातला. अर्धा आटा धरला, पुढें जाईना. नवी वस्तु आहे, घट्ट असावयाचीच, असें समजून त्यानें लांब दांड्याचा पाना लावून जोर केला. आंस पोलादाचा, क्रँक ॲल्युमिनियमचा. पोलादानें मऊ धातूंत आपली वाट कोरून घेतली. पायडल बसलेलें दिसलें. दोन दिवस टिकलें, आणि तिसऱ्या दिवशीं पुलाच्या चढावर उभें राहून जोर करतांना उपटून आलें. गुढघा व दोन्ही तळहात सोलून निघाले. मागून येणारी मोटार वेळीं थांबली म्हणून तेवढ्यावर निभावलें. दोन्ही क्रँक बदलावे लागले, आणि त्यांची किंमत पायडलांहून कितीतरी अधिक.

डाव्याचे आटे उलटे कां, हें समजून घेण्यासारखें आहे. वर्गांतला चलाख मुलगा झट्कन उत्तर देतो, "पायडल फिरतें त्याच्या घर्षणानें आंस सैल होऊं नये म्हणून." उत्तर साधें आहे, पण नेमकें उफराटें आहे. उजवीकडे उभें राहून पाहिलें असतां क्रँक घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतो. पायडल पायाखालीं सपाट राहतें, म्हणजे क्रँकच्या मानानें तें घड्याळाच्या उलट फिरतें. छर्ऱ्यांच्या घर्षणानें आंस ओढला गेलाच तर तो उलट दिशेला, म्हणजे सरळ आट्यांतून सुटण्याच्या बाजूलाच, ओढला जाईल. मग उजव्याचे आटे सरळ कां ठेवले?

कारण तेथें दुसरी एक अधिक बलवान क्रिया चालूं असते. कितीहि घट्ट बसविला तरी आंस आणि भोंक यांच्यामध्यें अगदीं सूक्ष्म फट उरते. पायाचा दाब मुख्यतः खालच्या दिशेला असतो. पण क्रँक फिरत असतो, म्हणून भोंकाच्या आंतल्या कडेवर तो दाब एका जागीं न राहतां गोल फिरत जातो. त्याबरोबर आंस त्या कडेवरून गडगडत जातो. आणि कड्याच्या आंतून गडगडणारी वस्तु ज्या दिशेनें प्रदक्षिणा घालते त्याच्या उलट दिशेनें स्वतःभोंवतीं वळते. हें घरीं करून पाहतां येईल. टेबलावर एक कडें किंवा रुंद बांगडी एका हातानें पक्की धरावी. तिच्या आंत तिच्याहून थोडेंसेंच लहान असें डबीचें झांकण ठेवावें व त्यावर शाईची एक खूण करावी. मग झांकण कडेला दाबून, घसरूं न देतां, कडेकडेनें घड्याळाच्या उलट गडगडत न्यावें. झांकणाची प्रदक्षिणा उलट होईल, पण त्याच्यावरची खूण हळूहळू घड्याळाप्रमाणें वळेल. उजव्या पायडलाचा आंस याच रीतीनें घड्याळाप्रमाणें वळूं पाहतो, म्हणून सरळ आट्यांत तो आवळला जातो. डावीकडे सारें आरशांतल्यासारखें उलटें, म्हणून आटेहि उलटे. छर्रे पार जाम झाले तर मात्र घर्षण वरचढ होतें आणि पायडल सुटूं लागतें. घोटा पिरगळण्यापेक्षां तें बरें म्हणावयाचें.

बसवितांना प्रथम आंसावरील खूण पाहावी. इंग्रजी ‘एल’ म्हणजे डावें, ‘आर’ म्हणजे उजवें, आणि हें डावें-उजवें सायकलीवर बसणाऱ्याचें. समोर उभें राहून पाहणाऱ्याचें नव्हे. आट्यांना ग्रीस लावावें. पहिले चार-पांच आटे हातानेंच बसले पाहिजेत. हातानें जात नसेल तर कांहींतरी चुकलें आहे, तेथें पाना लावूं नये. मग पंधरा मिलिमीटरच्या चपट्या पान्यानें, किंवा आंसाला मागून षट्कोनी खांच असल्यास ॲलन कीनें, चांगलें आवळावें. दिशा आठवत नसेल तर एवढें ध्यानांत असूं द्यावें: पान्याचा दांडा वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ढकलला कीं दोन्ही बाजूंचीं पायडलें आवळलीं जातात, आणि मागच्या चाकाकडे ओढला कीं दोन्ही सुटतात. हा नियम दोहों बाजूंना एकच आहे, म्हणून मला तो फार आवडतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हां एकदां पाना लावून पाहावा.

हेंच ज्ञान घरांतल्या लहान मुलाच्या कामीं येतें. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठीं मुद्दाम पायडलांवांचून केलेल्या छोट्या सायकली आतां बाजारांत आहेत. द्राईसचें वाहन दोनशें वर्षांनीं बालवर्गांत परत आलें म्हणा ना. सायकल शिकणें म्हणजे दोन विद्या शिकणें: तोल सांभाळणें आणि पाय फिरविणें. मागच्या चाकाला दोन लहान चाकें लावून देण्याची जी जुनी रीत आहे तींत सोपी विद्या आधीं येते आणि अवघड तशीच राहते. पायडलें नसलीं म्हणजे मूल पायांनीं जमीन रेटीत जातें, हळूहळू दोन्ही पाय उचलून धरतें, आणि पडण्याची भीति मनांत शिरण्यापूर्वींच तोल येतो. शिक्षकाच्या दृष्टीनें हा क्रम मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्यासाठीं नवी सायकल घ्यावयास हवी असें नाहीं. थोरल्या भावंडाची छोटी सायकल घरांत असेल तर तिचीं पायडलें काढावीं, आणि दोन्ही तळवे पुरते जमिनीला टेकतील इतकी बैठक खालीं घ्यावी. काढतांना डाव्याचे आटे उलटे आहेत हें विसरूं नये.

एक गोष्ट राहिली, आणि ती रात्रीं सायकल चालविणाऱ्यांसाठीं आहे. साध्या सायकलीच्या पायडलांना पुढें-मागें पिंवळट रिफ्लेक्टर बसविलेले असतात. मागून येणाऱ्या मोटारीचा प्रकाश पडला म्हणजे ते आळीपाळीनें वर-खालीं होतांना दिसतात, आणि पुढें सायकलस्वार आहे हें मोटारवाल्याला दुरूनच ओळखतां येतें. स्थिर तांबडा ठिपका खांबाचा असूं शकेल, फाटकाचाहि असूं शकेल. वर-खालीं नाचणारे दोन ठिपके माणसाच्या पायांचेच. शर्यतीच्या अडकणाऱ्या पायडलांना हे रिफ्लेक्टर बहुधा नसतात, आणि धातूच्या पुष्कळ सपाट पायडलांनाहि नसतात. पायडलें आपण निवडून घेणार असूं तर तेवढें पाहून घ्यावें; आणि मनासारख्या पायडलांना ते नसले, तर अंधार पडल्यावर दोन्ही घोट्यांना चकाकणारी पट्टी बांधून मग सायकलीवर बसावें. घोटाहि पायडलाबरोबरच वर-खालीं होत असतो.